हाडाचे विद्यार्थी

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मसालेभात आणि जिलबीनंतरचं सत्र कोणाला द्यायचं, हा कोणत्याही संयोजन समितीपुढचा अवघड प्रश्न असतो. आपल्या समितीने तो माझ्या गळ्यात घातला. "आरोग्यावर बोल, पण घाबरवू नकोस, आणि वीस मिनिटांत आवर," अशी स्पष्ट सूचना आहे. सकाळपासून मी प्रत्येक घोळक्यात जरा जरा उभी राहिले, तेव्हा लक्षात आलं की विषय तुम्हीच ठरवलेला आहे. नातवंडांचे फोटो दाखवून झाले की गाडी गुडघ्यांवर येते. दहावीच्या निरोप समारंभात आपण एकमेकांना गणिताचा पेपर कसा गेला ते विचारत होतो, आज व्हिटॅमिन डी किती आलं ते विचारतो आहोत. म्हणून आज हाडांबद्दल बोलते.

आधी एक खुलासा. मी एकतीस वर्षं वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवलं. म्हणजे हाड कसं असतं आणि कसं चालतं, हे मी सांगू शकते. मोडलेलं जोडणारे दुसरे. त्यामुळे चहाच्या वेळी एक्स-रे घेऊन माझ्याकडे येऊ नका.

हजेरीपासून सुरुवात करू. मोठ्या माणसाच्या सांगाड्यात २०६ हाडं असतात, हे आपण सातवीत पाठ केलं होतं. जन्मलेल्या बाळात मात्र हाडांचे तुकडे तीनशेच्या आसपास असतात. मधली हाडं हरवत नाहीत, वाढता वाढता एकमेकांना जुळतात. या २०६ पैकी एका हातात, मनगटापासून बोटांपर्यंत, २७ आणि एका पावलात २६ हाडं. दोन्ही हात आणि दोन्ही पावलं मिळून १०६. म्हणजे अर्ध्याहून अधिक वर्ग या चार बाकांवर बसलेला आहे. जिथे बारीक आणि अनेक दिशांच्या हालचाली हव्यात, तिथे निसर्गाने एक मोठं हाड न देता अनेक लहान हाडं दिली. खडू धरणं, सुईत दोरा ओवणं, चढावर पाऊल टेकणं, हे सगळं त्या १०६ जणांच्या भरवशावर चालतं.

हाड म्हणजे काय? आपल्यापैकी बरेच जण बांधकाम खात्यात होते, काहींनी घरं बांधली, म्हणून त्यांच्या भाषेत सांगते. हाड म्हणजे आरसीसी. स्लॅबमध्ये काँक्रीट दाब सोसतं आणि सळई ताण सोसते. नुसतं काँक्रीट वाकवलं तर तडकतं, नुसती सळई वजनाखाली वाकते. हाडातही दोन पदार्थ आहेत. कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे चिवट धागे, आणि त्यांच्यावर बसलेले कॅल्शियम व फॉस्फेटचे स्फटिक. घरी करून बघा. कोंबडीच्या पायाचं हाड साफ करून काही दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. आम्लात क्षार विरघळतात आणि उरलेलं हाड रबरासारखं वाकतं. तेच हाड चुलीत पूर्ण जाळलं तर उलटं होतं. धागे जळून जातात, आकार तसाच राहतो, पण बोटाने दाबलं की भुगा. नातवंडांना दाखवण्यासारखा प्रयोग आहे, खर्च अगदी कमी. शाकाहारी घरांनी शेजाऱ्यांची मदत घ्यावी.

दुसरी गंमत आकारात आहे. मांडीचं हाड हे शरीरातलं सर्वांत लांब हाड, आपल्या उंचीच्या साधारण चौथा हिस्सा. ते मध्ये पोकळ असतं, बांबूसारखं. नळी वाकवण्याला जोरात विरोध करते आणि वजनाला हलकी राहते. पण खुब्याकडे, जिथे हाडाची मान तिरपी होते, तिथे आत जाळी असते. ही जाळी वेडीवाकडी दिसते, पण तशी नसते. झुरिचमध्ये १८६६ च्या सुमारास हेर्मान फॉन मायर या शरीरशास्त्रज्ञाने या जाळीची चित्रं काढली होती. कार्ल कुलमान नावाच्या अभियंत्याने ती पाहिली आणि त्याच्या लक्षात आलं की वाकड्या मानेच्या क्रेनमध्ये ताण आणि दाब ज्या रेषांनी जातात, जवळपास त्याच रेषांनी हाडातले हे तंतू मांडलेले आहेत. पुढे यूलियस वोल्फ या जर्मन शल्यचिकित्सकाने १८९२ मध्ये यावर ग्रंथ लिहिला. सार असं की हाडावर जसा भार पडतो तसं ते स्वतःला घडवतं.

आता इथे जरा थांबू, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. आपल्या मनात हाड म्हणजे मेलेली, कोरडी वस्तू असते. पण जिवंत हाडात रक्त वाहतं, पेशी असतात, आणि तिथे बारा महिने डागडुजी चालू असते. एक टोळी जुनं हाड पोखरून काढते, मागोमाग दुसरी टोळी नवं भरते. दरवर्षी सांगाड्याचा सुमारे दहावा भाग असा बदलला जातो. भार पडला की बांधणाऱ्यांना काम मिळतं. भार थांबला की पाडणारे पुढे निघून जातात. टेनिसपटूच्या खेळणाऱ्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं. उलट अंतराळवीर वजनरहित अवस्थेत राहिले की त्यांच्या खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटते, म्हणून त्यांना तिथे रोज व्यायाम करावाच लागतो. आपण अंतराळात जात नाही, पण निवृत्तीनंतर सोफ्यावर जातो. हाडाला फारसा फरक कळत नाही.

आता हालचाल. हाड स्वतःहून हलत नाही, त्याला स्नायू ओढतो. आणि स्नायूला फक्त ओढता येतं, ढकलता येत नाही. म्हणून बहुतेक सांध्यांवर स्नायूंच्या जोड्या असतात. दंडाच्या पुढचा स्नायू कोपर वाकवतो, मागचा सरळ करतो. एक ओढतो तेव्हा दुसरा सैल सोडतो. रस्सीखेचीत दोन्हीकडून ओढत राहिलं तर दोर जागचा हलत नाही, तसंच हे.

सरांनी शिकवलेल्या तरफा आठवतात? टेकू, बल, भार. कोपर हा टेकू. दंडाचा स्नायू कोपरापासून साधारण चार सेंटिमीटरवर हाडाला जोडलेला असतो आणि हातातली पिशवी असते बत्तीसेक सेंटिमीटरवर. म्हणजे आठपट अंतर. कोपर काटकोनात ठेवून पाच किलोची भाजीची पिशवी धरली, तर स्नायूला सुमारे चाळीस किलोचा जोर लावावा लागतो. हा व्यवहार तोट्याचा वाटतो. पण बदल्यात काय मिळतं बघा. स्नायू जरासा आखडला की हात मोठ्या कमानीत आणि वेगाने फिरतो. निसर्गाने ताकद खर्च करून वेग विकत घेतला. आपल्या बॅचच्या फास्ट बोलरने त्याचा पुरेपूर वापर करून शेजारच्या शाळेचे स्टंप उडवले होते, हे तुम्हाला आठवत असेलच. नसेल तर तो स्वतः चहाच्या वेळी आठवण करून देईल.

हीच तरफ खुब्यात बघा. चालताना प्रत्येक पावलाला आपण क्षणभर एका पायावर उभे असतो. तेव्हा सगळं शरीर उचललेल्या पायाच्या बाजूला कलायला बघतं आणि टेकलेल्या पायाच्या खुब्याबाहेरचा स्नायू कंबर ओढून धरतो. सी-सॉचा खेळच तो. शरीराचा भार टेकूपासून लांब आणि स्नायू जवळ, म्हणून स्नायूला जास्त जोर लागतो, आणि दोन्हींची बेरीज सांध्यावर पडते. साध्या चालण्यात खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीनपट भार येतो. सत्तर किलोच्या माणसाच्या खुब्यावर प्रत्येक पावलाला दोनशे किलोंच्या जवळपास.

यातून एक अगदी व्यवहाराची गोष्ट निघते. काठी कोणत्या हातात धरायची? दुखऱ्या बाजूच्या हातात धरणारे खूप दिसतात. ती धरायची विरुद्ध हातात. उजवा खुबा किंवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात, आणि काठी व उजवा पाय एकाच वेळी पुढे. मग काठी सी-सॉच्या लांबच्या टोकाला आधार देते आणि थोड्या जोरात सांध्यावरचा बराच भार उतरतो. काठीची उंची किती? चपला घालून सरळ उभं राहावं, हात मोकळा सोडावा, मूठ मनगटाच्या घडीशी आली पाहिजे.

आता सगळ्यांचा लाडका गुडघा. सांध्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो आणि मध्ये वंगणासारखा द्रव. हे दोन मिळून इतके निसरडे असतात की बर्फावर बर्फ घासला तरी तेवढा घसरणार नाही. पण कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नाहीत. मग तिला पोषण कसं मिळतं? स्पंजसारखं. पाय टेकला की ती दाबली जाते आणि द्रव बाहेर पडतो, पाय उचलला की ती फुगते आणि पोषक द्रव आत ओढते. हालचाल हेच तिचं जेवण. तेव्हा "गुडघे जपायचे म्हणून मी चालणंच सोडलं," असं आज जे दोघे-तिघे मला म्हणाले, त्यांनी नकळत गुडघ्यांना उपाशी ठेवलं आहे. सूज असेल, गुडघा लचकत असेल, तर डॉक्टरांना विचारा. नुसती कुरकुर असेल तर सपाट रस्त्यावर चाला.

आणि कणा. मानेचे ७, पाठीचे १२, कमरेचे ५ असे चोवीस सुटे मणके, खाली त्रिकास्थी आणि माकडहाड. जिराफाच्या मानेतही सातच मणके असतात, फक्त एकेक भलामोठा. मणक्यांच्या मधल्या चकत्या दिवसभराच्या भाराने थोड्या चेपतात आणि रात्री आडवं झालं की पुन्हा पाणी शोषून घेतात. म्हणून सकाळी आपण रात्रीपेक्षा साधारण एक-दीड सेंटिमीटर उंच असतो. ज्यांना कवायतीच्या रांगेत उंचीने पुढे उभं राहावं लागायचं, त्यांनी मोजणी सकाळीच करून घ्यायला हवी होती.

मित्रहो, जेवणाआधी मी प्रयोगशाळेत जाऊन आले. काचेच्या कपाटातला आपला हाडूअण्णा अजून तिथेच आहे. तारेने ओवलेला, थोडा पिवळट, एक करंगळी गेलेली. मुलं त्याच्या हातात छडी अडकवायची आणि डस्टर आणायला एकटं पाठवलं की पळत परत यायची. तो प्लॅस्टिकचा नाही. त्या काळी शाळा-कॉलेजांत येणारे सांगाडे खऱ्या माणसांचे असत. भारत तर जगाला मानवी सांगाडे पुरवणारा मोठा देश होता आणि कोलकाता त्या व्यापाराचं केंद्र. १९८५ मध्ये सरकारने या निर्यातीवर बंदी घातली. ती माणसं बहुधा गरीब, बेवारस गेलेली, कोणी न विचारलेली.

आज मी ती हाडं माझ्या व्यवसायाच्या नजरेने पाहिली. कमरेच्या हाडांच्या पुढची कमान रुंद आहे, पोकळी ऐसपैस आहे. तो अण्णा नाही. ती बाई आहे. मांडीच्या हाडावरून उंची पाच फुटांच्या आतच. मानेच्या मणक्यांच्या कडांवर हाडाचे कंगोरे वाढलेले आहेत. डोक्यावरून ओझी वाहून ते झाले की नुसतं वय झालं होतं, हे हाड सांगत नाही. डाव्या हाताचं एक हाड कधीतरी मोडलं होतं आणि जरा वाकडं जुळलं, म्हणजे प्लॅस्टर घालायला कोणी नव्हतं, किंवा घालूनही तिला लगेच कामाला लागावं लागलं. पण जुळलं. मोडलेलं हाड त्वचेच्या जखमेसारखा व्रण ठेवून भरत नाही, ते पुन्हा हाडानेच भरतं.

आपल्या शाळेत शेकडो मुलांना २०६ ची हजेरी तिने शिकवली. शिक्षकांच्या यादीत तिचं नाव नाही, कारण ते कोणालाच माहीत नाही. मुख्याध्यापकांना मी विनंती केली आहे की त्या कपाटावर दोन ओळींची पाटी लावावी: ही एक स्त्री होती, तिच्याकडून आम्ही शिकलो. आज देहदानाचा अर्ज भरून लोक स्वतःच्या इच्छेने वैद्यकीय महाविद्यालयाला देह देतात, आणि अनेक ठिकाणी विद्यार्थी पहिल्या दिवशी त्या देहाला हात जोडून अभ्यासाला सुरुवात करतात. तिला कोणी विचारलं नव्हतं, म्हणून निदान तिच्याबद्दल नीट बोलावं.

आता आपल्या हाडांचा हिशेब. हाड हे बचत खातं आहे. तिशीपर्यंत भरणा, मग काही काळ शिल्लक स्थिर, नंतर हळूहळू काढणं. सर्वांत मोठा भरणा कधी होतो? वयात येताना. उंची झपाट्याने वाढते त्या दोनेक वर्षांत मोठेपणीच्या हाडाचा सुमारे चौथा हिस्सा जमा होतो. म्हणजे सहावी ते आठवी-नववी. आपली जमा या मैदानावर झालेली आहे. बायकांच्या खात्यातून पाळी गेल्यानंतरच्या पाच-सात वर्षांत वेगाने रक्कम जाते, काहींची पाचवा हिस्सा. दुखत नाही, कळत नाही. एक दिवस बाथरूममध्ये पाय घसरतो तेव्हा पासबुक उघडतं. आपली एक मैत्रीण आज इथे असायला हवी होती, ती खुब्याच्या ऑपरेशननंतर घरी वॉकर धरून चालायला शिकते आहे. तिने निरोप दिला आहे, "मला बघायला या, पण पायपुसणं उचलून ठेवा." त्याच पायपुसण्यावरून ती घसरली.

म्हणून चार गोष्टी. पहिली, कॅल्शियम. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार प्रौढाला दिवसाला १००० मिलिग्रॅम, पाळी गेलेल्या स्त्रीला १२००. दूध-दही-ताक, नाचणी आणि तीळ. आपल्या आज्या नाचणीची भाकरी आणि तिळाची चटणी उगाच करत नव्हत्या. दुसरी, ऊन आणि व्हिटॅमिन डी. ते कमी असेल तर कॅल्शियम नीट शोषलं जात नाही. तपासा, पण गोळ्या मनाने घेऊ नका, जादाही बाधते. तिसरी, भार आणि तोल. रोज चालणं, हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठणं, ओटा धरून एका पायावर उभं राहणं. चौथी, घर. बाथरूममध्ये भिंतीला पकडायची दांडी, रात्री उठल्यावर दिसेल असा दिवा, आणि सुटी पायपुसणी बाहेर. हाडांची घनता मोजायची तपासणी कधी करायची ते आपापल्या डॉक्टरांना विचारा. आधी एखादं हाड थोडक्या धक्क्याने मोडलं असेल, तर नक्की विचारा.

शेवटी एक मागणं, आणि ते समितीला न विचारता करते आहे. आपल्या बॅचच्या निधीतून प्रवेशद्वाराला नावांची कमान करायचं घाटतं आहे. कमान सुंदर दिसेल. पण सकाळी सत्काराच्या वेळी या व्यासपीठाच्या चार पायऱ्या आपले गुरुजी कसे चढले, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. दोन्हीकडून दोन विद्यार्थ्यांचे खांदे धरून. सर म्हणाले, "उचलू नका रे, फक्त उभे राहा, मी धरतो." तिथे कठडा नाही. स्वच्छतागृहात दांडी नाही. आधी ते करू.

आणि मैदानाच्या कोपऱ्यात मल्लखांब आडवा पडलेला आहे, त्याला वाळवी लागली आहे. नवा खांब उभारू, खाली नीट माती-गादी घालू, शिकवायला माणूस ठेवू. आमच्या वेळी मुलींना मल्लखांबाला हात लावू देत नसत, आमच्या वाट्याला लेझीम आणि दोरीवरच्या उड्या. तेव्हा राग यायचा. आता सांगते, त्या उड्यांनी आमच्या हाडांचं भलं झालं, कारण उडी मारून जमिनीवर आदळण्याइतकं वाढत्या हाडाला दुसरं काही भावत नाही. पण नवा खांब होईल तेव्हा त्यावर मुलीही चढतील, एवढी अट घालून मी माझा वाटा देते. आज सहावीत असलेल्या मुलीची हाडं पुढच्या तीन वर्षांत भरायची आहेत. कमान नंतरही बांधता येईल.

मराठीत आपण चांगल्या शिक्षकाला 'हाडाचा शिक्षक' म्हणतो. हाड दर वर्षी दहावा भाग बदलतं, म्हणजे आपण इथून गेल्यावर आपला सांगाडा कितीतरी वेळा नव्याने भरला गेला. शाळेतला कॅल्शियमचा कण आज आपल्यात क्वचितच उरला असेल. पण हाडाची लांबी आणि घडण त्या वयात ठरली, आणि नवा माल तिच्यातच भरत गेला. पुढे बसलेल्या सर आणि बाईंनी आपल्याला दिलेलं तसंच आहे. त्यांनी शिकवलेली वाक्यं आपण विसरलो, घडण राहिली.

सर, बाई, उतरताना घाई करू नका. आम्ही पायऱ्यांपाशी उभे आहोत.